संप तीन दिवसांत मिटतो, मग यंत्राचा प्रश्न तीन महिने का अडतो?

मीमांसक

१ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री अमेरिकेच्या पूर्व आणि आखाती किनाऱ्यावरील, म्हणजे मेनपासून टेक्सासपर्यंतच्या बंदरांतील सुमारे ४५ हजार गोदी कामगारांनी काम थांबवले. एवढा किनाराव्यापी संप १९७७ नंतर प्रथमच झाला. इंटरनॅशनल लाँगशोरमेन्स असोसिएशन ही कामगार संघटना आणि युनायटेड स्टेट्स मेरिटाइम अलायन्स हा मालकांचा संघ यांच्यातील करार आदल्या दिवशी संपला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी संप मागे घेतला गेला, कारण सहा वर्षांत ६२ टक्के वेतनवाढ मान्य झाली. ताशी ३९ डॉलरचा मूळ दर कराराच्या अखेरीस ६३ डॉलर होणार आहे.

यंत्रांचा, म्हणजे माणसाचे काम करणाऱ्या स्वयंचलित यंत्रणांचा प्रश्न मात्र १५ जानेवारीपर्यंत पुढे ढकलला गेला. नोव्हेंबरात बोलणी त्याच प्रश्नावर फिसकटली आणि ८ जानेवारी २०२५ रोजी कशीबशी तडजोड झाली.

पैशाचा प्रश्न, तोही इतक्या मोठ्या रकमेचा, तीन दिवसांत सुटतो आणि यार्डातल्या, म्हणजे कंटेनर रचून ठेवण्याच्या आवारातल्या क्रेनचा प्रश्न तीन महिने सुटत नाही, हे मला कोड्यात टाकणारे वाटते. कामगार यंत्राला विरोध करत आहेत, की यंत्राच्या आडून दुसऱ्याच कशाला? ज्यांनी बंदरात, जहाजावर किंवा मालवाहतुकीत काम केले आहे त्यांनी अनुभव लिहावेत, ही विनंती. दोन्ही बाजूंचे ऐकण्याची तयारी आहे.

नांगर

मी मालवाहू जहाजांवर अधिकारी म्हणून बरीच वर्षे काढली आहेत आणि दोन्ही प्रकारच्या बंदरांत उभा राहिलो आहे. पूर्ण स्वयंचलित यार्ड पहिल्यांदा पाहिले ते रात्री. दिवे मंद होते, कारण यंत्रांना उजेड लागत नाही. कुंपणाच्या आत माणूस औषधालाही नव्हता आणि चालकाशिवायची सपाट वाहने पाठीवर कंटेनर घेऊन एकमेकांना वाट देत फिरत होती. पाहून थक्क झालो, हे कबूल करतो.

थोड्या वेळाने वाऱ्याने एक फाटकी ताडपत्री उडत आली आणि एका वाहनासमोर पडली. ते वाहन थांबले, त्याच्या मागची चार थांबली. आत माणूस पाठवायचा तर तो सगळा पट्टा बंद करावा लागतो, म्हणून ती ताडपत्री उचलायला पाऊण तास गेला. जुन्या पद्धतीच्या धक्क्यावर कोणीतरी ती पायाने बाजूला सारली असती.

आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. जहाजावरच्या कंटेनरांचे लॅशिंग, म्हणजे ते जागेवर घट्ट बांधून ठेवणाऱ्या सळया, सोडायला दोन्ही बंदरांत माणसेच चढतात. दोन-अडीच पुरुष लांबीची लोखंडी सळई, ओल्या डेकवर, दोन कंटेनरांच्या मधल्या अरुंद बोळात उभे राहून वर तोलत धरायची आणि तिचे टोक कोपऱ्यातल्या भोकातून सोडवायचे. सर्वांत धोक्याचे काम माणसाकडे राहिले आणि त्यामानाने सुरक्षित काम यंत्राकडे गेले, हा क्रम मला तेव्हाही खटकला होता.

अर्थशोधक

अनुभव रंजक आहेत, पण मूळ अर्थकारण नजरेआड होऊ नये. बंदर ही मक्तेदारीची जागा असते. तिथले काम थांबले की दुसरीकडून माल आणता येत नाही, आणला तर फार खर्च येतो. या जोरावर मिळवलेली वेतनवाढ शेवटी मालाच्या किमतीत उतरते आणि ती भरणारा ग्राहक बहुधा ताशी ६३ डॉलर मिळवत नसतो.

यंत्राला विरोध करणाऱ्यांनी १९५६ आठवावे. त्या वर्षी २६ एप्रिलला माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल हातांनी चढवण्याचा खर्च तेव्हा टनामागे ५ डॉलर ८० सेंटांच्या आसपास होता. त्या जहाजावर तो १६ सेंटांच्या आत आला. आजचा जागतिक व्यापार त्या फरकावर उभा आहे. त्या वेळी गोदी कामगारांचे म्हणणे चालले असते, तर आपण अजून पोती मोजत बसलो असतो.

टॅलीवाला

पोती मोजत बसणारा मीच होतो, म्हणून उत्तर देणे भाग आहे.

मी टॅली क्लर्क म्हणून लागलो तेव्हा हातात लाकडी पाटी, तिच्यावर कागद आणि कानामागे पेन्सिल असायची. क्रेनच्या जाळीतून माल खाली आला की चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारायची. पाळी संपली की माझा आकडा आणि जहाजाच्या टॅलीवाल्याचा आकडा जुळवायचा, आणि जुळला नाही तर दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांकडे बघायचे. कंटेनर आले आणि रेघा संपल्या. उरले ते कंटेनरचा क्रमांक आणि सील तपासून लिहिणे. मग फाटकावर कॅमेरे बसले आणि क्रमांक तेच वाचू लागले. माझे काम माझ्या हयातीत दोनदा मेले आहे, त्यामुळे मला यंत्राचे कौतुकही नाही आणि धसकाही नाही.

पण अर्थशोधक यांनी सांगितलेला इतिहास अर्धाच आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० साली मालकांशी यांत्रिकीकरणाचा करार केला. त्याआधीचे नियम आजच्या वाचकाला विनोदी वाटतील. ट्रकवाल्याने फळीवर रचून आणलेला माल आधी धक्क्यावर उतरवायचा आणि मग गोदी कामगारांनी तोच पुन्हा फळीवर रचायचा, असाही एक प्रकार होता. संघटनेने असले नियम सोडले आणि यंत्रे येऊ दिली. बदल्यात मालकांनी साडेपाच वर्षांसाठी, वर्षाला ५० लाख डॉलरच्या हिशेबाने, एक निधी उभा केला. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला निवृत्तीच्या वेळी ७,९२० डॉलर मिळण्याची सोय झाली आणि नोंदणीकृत कामगारांना कपातीपासून संरक्षण मिळाले.

न्यूयॉर्कच्या बाजूला १९६४-६५ च्या वाटाघाटींत टोळी वीस माणसांवरून सतरावर आणायला संघटना तयार झाली, ती वर्षाला १,६०० तासांच्या वेतनाची हमी मिळाल्यावर. म्हणजे कंटेनर आले ते कामगारांना हरवून आले, असे नाही. कामगारांनी आपली किंमत सांगितली, मालकांनी ती मोजली, आणि मोजूनही मालकांना मुबलक उरले.

शंकासूर

सप्टेंबर २०२४ मध्ये संघटनेची मागणी ७७ टक्क्यांची होती आणि मालक ५० च्या जवळ आले होते. दोहोंचा मध्य साडेत्रेसष्ट येतो. ६२ टक्के हा आकडा काढायला ४५ हजार माणसांनी तीन दिवस घरी बसण्याऐवजी एकाने कॅल्क्युलेटर आणला असता तरी चालले असते, असे माझे नम्र मत आहे.

मीमांसक

शंकासूर, तुमच्या थट्टेतच माझ्या प्रश्नाचा एक धागा सापडतो. पैशाला मध्य असतो. दोघांनी दोन पावले मागे घेतली की कुठेतरी गाठ पडते आणि दोघेही आपापल्या माणसांना ‘आपण जिंकलो’ असे सांगू शकतात. यंत्राला मध्य नसतो. क्रेन एक तर माणूस चालवतो किंवा चालवत नाही.

टॅलीवाला यांनी सांगितलेल्या कराराबद्दल अधिक वाचायला आवडेल. त्यात सगळेच सुखी झाले का?

टॅलीवाला

नाही झाले, आणि ते मी आधीच लिहायला हवे होते. हमी होती ती ‘अ’ वर्गातल्या नोंदणीकृत कामगारांना. त्यांच्या खाली ‘ब’ वर्ग होता, ज्याला उरलेले काम मिळे, आणि त्याच्याही खाली रोज येऊन उभे राहणारे बदली. यंत्राचा नफा वाटला गेला तो वरच्या थरापर्यंतच. पुढे ठरावीक मालकाकडेच कायम काम करणाऱ्या क्रेनचालकांवरून संघटनेच्या आतच वाद पेटला. १९७१ मध्ये त्या किनाऱ्यावर शंभराहून अधिक दिवसांचा संप झाला, त्याच्या मुळाशी हाही एक मुद्दा होता.

आकडेमोड

मध्य नसतो या विधानाशी मी सहमत नाही. अर्धस्वयंचलित यंत्र हा मध्यच आहे आणि सगळे भांडण त्याच्यावरच झाले. माणसाचा हात अजिबात न लागणारे यंत्र आणायचे नाही, हे तर २०१८ च्या करारातच होते. वाद पेटला तो जून २०२४ मध्ये, अलाबामातील मोबिल बंदराच्या फाटकावरून. ट्रक आपोआप आत घेणारी यंत्रणा संघटनेच्या माणसाशिवाय चालते, असा आक्षेप घेऊन संघटनेने नियोजित बोलणीच रद्द केली. नोव्हेंबरात अडले ते यार्डात रुळांवर चालणाऱ्या क्रेनवर. ही क्रेन कंटेनर उचलून ठेवण्याचे बहुतेक काम स्वतः करते आणि ट्रकवर ठेवण्याच्या शेवटच्या टप्प्यात माणूस सूत्रे हाती घेतो. मालक म्हणतात, माणूस आहेच ना. संघटना म्हणते, आहे, पण किती क्रेनमागे एक?

आता ज्यावर सहसा कोणी बोलत नाही ते. स्वयंचलित बंदरे जलद असतात, हे गृहीतच धरले जाते. मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने २०१८ मध्ये जो आढावा घेतला, त्यात चालू खर्च १५ ते ३५ टक्के कमी झाल्याचे आढळले. पण उत्पादकता वाढण्याऐवजी ७ ते १५ टक्के घटली होती. २०२१ मध्ये इंटरनॅशनल ट्रान्स्पोर्ट फोरमच्या अहवालानेही स्वयंचलित बंदरे साधारणपणे इतरांपेक्षा अधिक उत्पादक नसतात, असेच म्हटले. म्हणजे नांगर यांची ताडपत्री ही एकटी-दुकटी गंमत नव्हे.

अर्थशोधक

आकडे मान्य आहेत, पण ते सुरुवातीच्या वर्षांचे आहेत. रॉटरडॅमच्या डेल्टा टर्मिनलवर १९९३ मध्ये चालकविरहित वाहने आली तेव्हा ती नवलाई होती. २०१७ मध्ये चिंगदाओ आणि शांघायजवळच्या यांगशानमध्ये उभी राहिलेली टर्मिनले त्याच्या कितीतरी पुढे गेलेली आहेत. कोणतेही तंत्र पहिल्या पिढीवरून जोखू नये.

आणि एक प्रश्न टॅलीवाला यांना विचारतो. फाटकाबाहेर तासन्‌तास रांगेत उभे राहणारे ट्रकचालक, ज्यांना फेरीप्रमाणे पैसे मिळतात, त्यांच्या वतीने या वाटाघाटींत कोण बसते? फाटक आपोआप उघडले तर त्यांची एक फेरी वाढते.

टॅलीवाला

कोणीच बसत नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि माझ्याकडे त्याला उत्तर नाही.

उंचावरून

मी क्रेन चालवतो. आधी वर बसून चालवत होतो, आता खाली बसून चालवतो, म्हणून हे आयडी थोडे जुने झाले आहे.

धक्क्यावरच्या क्रेनची केबिन दहा-बारा मजल्यांच्या उंचीवर असते आणि तिची जमीन काचेची असते, कारण पाहायचे असते ते आपल्या पायांच्या मधून सरळ खाली. दोन्ही हात दोन दांड्यांवर, मान गुडघ्यांच्या दिशेने वाकलेली, आणि खाली दोरांना लटकणारा स्प्रेडर, म्हणजे कंटेनर पकडणारी चौकट, झुलत असतो. तो झोका मोडायचा कसा, हे पुस्तकात शिकवता येत नाही. झोका जिकडे जातो तिकडेच ट्रॉली किंचित न्यायची, की भार आपोआप शांत होतो आणि चार कोपऱ्यांचे चार खिळे चार भोकांत एकदम बसतात. बसल्याचा धक्का खुर्चीतून पाठीत कळतो. हे तासाला पंचवीस-तीस वेळा करायचे. पंधरा वर्षांनी माझ्या मानेचे दोन मणके झिजले आणि बरोबरच्या बहुतेकांचे तेच झाले.

आता एका खोलीत बसतो. खोली थंड आहे, समोर सहा पडदे आहेत, मान सरळ राहते आणि लघवीला जायचे तर शिडी-लिफ्टची यातायात करावी लागत नाही. यंत्र वाईट आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? मात्र पाठीत कळणारा तो धक्का गेला. वारा वाढला तर तो आता आकड्यात दिसतो, अंगाला लागत नाही.

माझी धास्ती निराळीच आहे. केबिन क्रेनला जोडलेली होती आणि क्रेन धक्क्याला, म्हणून चालकाला तिथेच ठेवावे लागे. खुर्ची तिथून एकदा हलली की ती कुठवर हलेल याला धरबंद नाही. आज ती धक्क्यापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे. तार जिथवर जाते तिथवर ती जाऊ शकते, आणि तिथे जो बसेल त्याचा करार आमच्या संघटनेशी नसेल.

शंकासूर

म्हणजे घरून काम करण्याची मुभा मागावी की नको, हे ठरवताना गोदी कामगारांनी दहादा विचार करावा.

कलम

उंचावरून यांनी मांडलेला मुद्दा इतिहासात आधी येऊन गेला आहे. कंटेनर आल्यावर ब्रिटनमध्ये खरा झगडा क्रेनवरून झाला नाही. कंटेनर भरण्याचे आणि रिकामे करण्याचे काम गोदीबाहेरच्या डेपोंत गेले, तिथे गोदीचे दर आणि नियम लागू नव्हते, आणि त्या डेपोंपुढे धरणे धरल्याबद्दल जुलै १९७२ मध्ये पाच गोदी कामगारांना लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात टाकण्यात आले. देशभर कामगार बाहेर पडले आणि आठवड्याच्या आत त्यांना सोडावे लागले. काम नाहीसे होत नाही, ते कुंपणाच्या बाहेर सरकते, हे त्या कामगारांना तेव्हाच उमगले होते.

कायद्याच्या अंगाने थोडे लिहितो. वाटाघाटीत कोण किती ताणतो, हे सरकार कोणत्या बाजूला झुकेल यावर बरेच अवलंबून असते. अमेरिकेत १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याखाली अध्यक्ष न्यायालयामार्फत ८० दिवस संप किंवा टाळेबंदी थांबवू शकतात. २००२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर मालकांनी टाळेबंदी केली तेव्हा बुश यांनी तो वापरला. वाद तेव्हाही यंत्रांचाच, म्हणजे क्रमांक वाचणाऱ्या उपकरणांचा आणि त्यामुळे जाणाऱ्या कारकुनी जागांचा होता. अखेर उपकरणे आली आणि असलेल्या कारकुनांच्या नोकऱ्यांना संरक्षण मिळाले. २०२४ मध्ये बायडेन यांनी हा कायदा वापरणार नसल्याचे आधीच सांगितले होते, त्यामुळे मालकांच्या हातचे एक पान गेले. नोव्हेंबरात निवडून आलेल्या ट्रम्प यांनीही डिसेंबरात यंत्रांच्या प्रश्नावर संघटनेचीच बाजू घेतली.

उलट टोकाचे उदाहरण ऑस्ट्रेलियाचे. ७ एप्रिल १९९८ च्या रात्री पॅट्रिक कंपनीने आपल्या सुमारे १,४०० कायम कामगारांना एकदम काढले. धक्क्यांवर पहारेकरी आणि कुत्री आणून ठेवली होती, आणि तत्कालीन सरकारचा कंपनीला उघड पाठिंबा होता. मे महिन्यात उच्च न्यायालयाचा निर्णय कामगारांच्या बाजूने लागला, ते परत आले, पण शेवटच्या समझोत्यात निम्म्याच्या आसपास जागा गेल्याच. न्यायालयात जिंकणे आणि धक्क्यावर टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी अशिलांना सांगतो तेव्हा त्यांना ते आवडत नाही.

सुबोधिनी

चर्चेत एक बाजू सुटते आहे, म्हणून लिहिते. क्रेन ‘पायांच्या मधून’ चालवण्याच्या काळात त्या केबिनमध्ये बायका किती होत्या? गोदीचे काम बापाकडून मुलाकडे आणि काकाकडून पुतण्याकडे जात असे, आणि संघटनेच्या नोंदवहीत नाव येण्याचा मार्गही तोच होता. केरळमधील विळिंजम बंदरात यार्डातल्या स्वयंचलित क्रेन दूरस्थ पद्धतीने चालवणाऱ्यांत स्थानिक स्त्रिया आहेत, आणि भारतातल्या बंदरासाठी ही नवीच गोष्ट आहे. तुम्ही ज्याला खुर्ची हलणे म्हणता, ते कोणासाठी तरी खुर्ची पहिल्यांदाच मिळणे आहे.

उंचावरून

सुबोधिनी, हे मी मान्य करतो आणि थोडा ओशाळतोही. आमच्या खोलीत आता दोघीजणी आहेत. त्यातली एक माझ्यापेक्षा हलक्या हाताने भार ठेवते. मात्र तिला वेतनश्रेणी माझी लागलेली नाही. नवी खुर्ची, नवे पदनाम, नवा दर, अशी ती व्यवस्था आहे. त्यात यंत्राचा दोष नाही, पण यंत्र आणताना ही सोय करून घेतली जाते.

सुबोधिनी

मग तुमच्या संघटनेने पुढच्या करारात तिची श्रेणी मागावी. तेवढे झाले, तर मी तुमच्या बाजूने.

पानसुपारी

वेतन हा शब्द आलाच आहे, तर आठवण करून देतो की गोदी कामगारांचे पहिले मोठे भांडण दराइतकेच तासांचेही होते. लंडनच्या १८८९ च्या संपात बेन टिलेट आणि त्यांच्या साथीदारांची मागणी ताशी सहा पेन्सची होती, पण तिच्याबरोबर आणखी एक मागणी होती: बोलावले तर किमान चार तासांचे काम द्या. त्याआधी सकाळी फाटकावर झुंबड उडे, मुकादम बोटाने निवडत असे आणि निवडलेल्यालाही तासाभरात परत पाठवले जाई. पाच आठवडे संप चालला. ऑस्ट्रेलियातून तीस हजार पौंडांहून अधिक मदत आली आणि संप टिकला. दोन्ही मागण्या मिळाल्या.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूला १९३४ मध्ये ८३ दिवसांचा संप झाला, पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले, आणि मिळवलेली मुख्य गोष्ट कोणती? कामाचे वाटप मुकादमाच्या हातून काढून संघटनेच्या हजेरीगृहातून व्हावे, ही. आज कोणत्या कंटेनरला कोणते वाहन लावायचे आणि कोणत्या माणसाला कधी मोकळे करायचे, हे संगणक ठरवतो. तो मुकादमासारखा बाटली मागत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे.

नांगर

पानसुपारी, बाटली मागणारा मुकादम रात्री दोन वाजता जहाजाची अडचण समजून घेत असे, हेही नोंदवा.

वाटसरू

भारतात या विषयावर शांतता का असते? इथल्या बंदरांत संप होत नाहीत का?

टॅलीवाला

शांतता नसते, बातमी नसते. ऑगस्ट २०२४ मध्येच देशातल्या प्रमुख बंदरांच्या कामगारांनी २८ तारखेपासून बेमुदत संपाची नोटीस दिली होती. वेतनकराराची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली होती आणि नवा करार अडीच वर्षांहून अधिक काळ रेंगाळला होता. आदल्या दिवशी साडेआठ टक्क्यांच्या वाढीवर समझोता झाला आणि संप टळला. करार धरला गेला तो १ जानेवारी २०२२ पासून पाच वर्षांसाठी, म्हणजे सह्या होईतो निम्म्याहून अधिक सरला होता. शंकासूर यांना विनंती आहे की साडेआठ आणि बासष्ट यांची तुलना करू नये. कराराची मुदत, महागाई आणि मूळ वेतनाची रचना सगळेच वेगळे आहे.

शंकासूर

कॅल्क्युलेटर परत खिशात ठेवला आहे.

अर्थशोधक

मी माझ्या पहिल्या प्रतिसादात थोडी दुरुस्ती करतो. १९६० च्या कराराचा तपशील मला ठाऊक नव्हता आणि तो माझ्या युक्तिवादाला पूरकच आहे: यंत्र येऊ द्या, मिळणाऱ्या बचतीतला वाटा मागा. मग आज संघटना तेच का करत नाही? ६२ टक्के घेतले, तसा यंत्रांचा मोबदला घेऊन मोकळे का होत नाहीत? ब्रिटनमध्ये १९८९ ला गोदी कामगारांच्या नोंदणीची योजना मोडीत निघाली तेव्हा ३५ हजार पौंडांपर्यंत भरपाई मिळाली होती.

टॅलीवाला

तुमच्या या प्रश्नात मीमांसक यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आहे, असे मला वाटते. निदान मला जे उमगले ते लिहितो.

ब्रिटनमध्ये भरपाई मिळाली त्या वेळी नोंदणीकृत कामगार साडेनऊ हजारांच्या आसपास उरले होते. रक्कम घेऊन माणूस घरी जातो, त्याच्या मागे त्याची जागाही जाते आणि उरलेली संघटना त्या जागेइतकी लहान होते. लहान झालेल्या संघटनेला पुढच्या कराराच्या वेळी कोण विचारतो? यंत्राचा मोबदला एकदाच मिळतो. यंत्राने केलेली बचत मात्र दरसाल होत राहते.

दुसरे, मुदतीचे गणित पाहा. अमेरिकेतला हा करार ३० सप्टेंबर २०३० पर्यंतचा आहे. वेतनाचा दर कमी ठरला असे वाटले, तर सहा वर्षांनी पुन्हा बसता येते. यार्डातली क्रेन मात्र पंचवीस-तीस वर्षांसाठी घेतली जाते, तिच्यासाठी रूळ घातले जातात, जमीन त्या हिशेबाने आखली जाते. एका करारात तिला होकार दिला, की पुढचे चार करार ती जागची हलत नाही. पैशाची बोलणी तीन दिवसांत उरकतात, कारण चुकले तरी दुरुस्त करता येते. क्रेनच्या बाबतीत दोन्ही बाजूंना ठाऊक असते की ही सही एकदाच होणार आहे. म्हणून जानेवारीच्या तडजोडीतही भर होता तो पूर्ण स्वयंचलनावरची बंदी कायम ठेवण्यावर आणि नवी यंत्रणा आणली तर तिच्याबरोबर माणसांच्या जागाही बांधून घेण्यावर. पैसे मागितले असते तर ते कदाचित डिसेंबरातच मिळाले असते.

आकडेमोड

हे पटते. मालकांच्या बाजूनेही तेच गणित आहे: क्रेनचा पैसा पंचवीस वर्षांत फिटायचा असतो, आणि दर सहा वर्षांनी तिच्यावर किती माणसे बसवायची याची बोलणी पुन्हा सुरू होणार असतील, तर कर्ज देणारी बँक आधी तेच विचारते.

मीमांसक

मी प्रश्न टाकला तेव्हा कामगार यंत्राच्या आडून दुसऱ्या कशाला तरी विरोध करत आहेत, असा मला संशय होता. आता वाटते की आड काहीच नव्हते. सहा वर्षांचा कागद आणि तीस वर्षांचे लोखंड एकाच टेबलावर मांडले गेले होते, आणि मी दोघांना एकाच मापाने मोजत होतो. अर्थशोधक यांचा ट्रकचालकांचा प्रश्न मात्र तसाच उरला आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा अशी त्यांना विनंती करतो.

उंचावरून, एक कुतूहल राहिले. तुमच्या त्या थंड खोलीत खुर्च्या किती आहेत?

उंचावरून

बांधली तेव्हा बारा मांडल्या होत्या. दिवसपाळीत आठ भरतात आणि रात्री पाच. उरलेल्यांवर आम्ही जेवणाचे डबे ठेवतो.